दोन सेकंदांची मोटर : चार्ल्स केटरिंग

आज संध्याकाळी गाडीत बसाल तेव्हा एक काम करा. गाणी बंद ठेवा आणि आई किंवा बाबा गाडी सुरू करतील तेव्हा नीट कान देऊन ऐका. चावी फिरवली किंवा बटण दाबलं, की आधी 'खर्र-खर्र-खर्र' असा आवाज येतो. जेमतेम एक-दोन सेकंद. मग इंजिनाची नेहमीची घरघर सुरू होते आणि तो पहिला आवाज आपण विसरूनही जातो. (तुमच्याकडे पूर्ण विजेवर चालणारी गाडी असेल, तर हा आवाज येणार नाही. तुम्ही शेजारच्यांच्या गाडीजवळ जाऊन उभे राहा!)

तो पहिला आवाज एका छोट्या विजेच्या मोटरमुळे येतो. पेट्रोलचं इंजिन आपलं आपण सुरू होत नाही. आधी कोणीतरी त्याला फिरवावं लागतं. ते फिरलं की हवा आणि पेट्रोल आत ओढतं, दाबतं, मग ठिणगी पडते, आणि तिथून पुढे त्याचं ते चालतं. हे पहिलं फिरवण्याचं काम ही मोटर करते. तिला म्हणतात 'स्टार्टर'. आणि तिला वीज मिळते गाडीच्या बॅटरीतून.

हा स्टार्टर रोजच्या वापराच्या गाडीत बसवून, चालवून दाखवणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे. त्याचं नाव चार्ल्स केटरिंग.

आधी हे सांगतो, की स्टार्टर नव्हता तेव्हा लोक काय करायचे. ते 'हँडल मारायचे'. गाडीच्या पुढच्या बाजूला, अगदी खाली, एक भोक असायचं. त्यात लोखंडाचा वाकडा दांडा घालायचा आणि जोर लावून फिरवायचा. थंडीत तर फारच जोर लागायचा, कारण इंजिनातलं तेल घट्ट झालेलं असायचं. भारतात जुन्या जीप आणि ट्रक असेच सुरू करायचे. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांना हा शब्द नक्की माहीत असेल. मी स्वतः हँडल मारलेलं नाही, पण स्कूटर तिरकी करून दहा-दहा किका मारणारे काका मी लहानपणी रोज बघायचो. शेवटी ते घामाघूम व्हायचे आणि स्कूटर ढिम्म!

पण हँडलमध्ये घाम गाळण्यापेक्षा मोठा धोका होता. ठिणगी योग्य वेळी पडली तर इंजिन पुढच्या दिशेने फिरतं. ती जरा आधी पडली, तर इंजिन झटक्याने उलटं फिरतं, आणि त्याच्याबरोबर तो लोखंडी दांडाही. म्हणून हँडल मारण्याआधी ड्रायव्हरला एक छोटा खटका ओढून ठिणगीची वेळ मागे करावी लागायची. ते विसरलं, की दांडा उलटा फिरून मनगटावर बसायचा. हात मोडणं तर नेहमीचं होतं.

बायरन कार्टर नावाचे एक गाडी बनवणारे उद्योजक होते. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. डेट्रॉईट शहरात एका बाईंची गाडी रस्त्यात बंद पडली होती. कार्टर मदतीला थांबले आणि हँडल मारू लागले. दांडा उलटा फिरला आणि त्यांच्या जबड्यावर बसला. जखम चिघळली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. कार्टर १९०८ मध्ये वारले. 'कॅडिलॅक' या गाडीच्या कंपनीचे प्रमुख हेन्री लीलँड त्यांचे मित्र होते. या मृत्यूचा त्यांना फार धक्का बसला. आपल्या गाडीचं हँडल काढून टाकायचंच, असं त्यांनी ठरवलं.

ठरवलं खरं, पण करणार कसं? लीलँडच्या इंजिनिअरांनी विजेची मोटर लावून पाहिली. मोटर चालायची, पण ती इतकी मोठी व्हायची की गाडीत मावेना. इथे केटरिंग गोष्टीत येतो. पण तो इथपर्यंत पोहोचला कसा, हे आधी बघू.

चार्ल्स केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात, लाऊडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर झाला. पाच भावंडांमध्ये तो चौथा. घरची शेती, भरपूर काम. अभ्यासात तो हुशार होता, पण त्याचे डोळे फार कमजोर होते. थोडं वाचलं की डोकं ठणकायला लागायचं. शाळा संपल्यावर तो स्वतःच एका छोट्या शाळेत मास्तर झाला. संध्याकाळी तो मुलांना बोलावून वीज, चुंबक, उष्णता यांचे प्रयोग करून दाखवायचा. मुलांना त्याचे तास आवडायचे, हे वेगळं सांगायला नको.

पुढे तो कॉलेजला गेला. डोळ्यांनी तिथेही पाठ सोडली नाही. शेवटी ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतलं शिक्षण अर्धवट सोडून तो घरी परतला. आपलं आता काही होणार नाही, असं त्याला वाटू लागलं. मन अगदी खचलं. पोटासाठी त्याने टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत काम धरलं. दिवसभर उघड्यावर खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा ओढायच्या. पुस्तक नाही, बारीक अक्षर नाही. डोळ्यांना आराम मिळाला. शिवाय वीज तारेतून कशी जाते, कुठे अडते, हे त्याला हातांनी समजू लागलं. हळूहळू त्याची उमेद परत आली. याच काळात त्याची ऑलिव्ह विल्यम्सशी ओळख झाली. पुढे १९०५ मध्ये त्यांचं लग्न झालं.

डोळे थोडे बरे झाल्यावर तो पुन्हा युनिव्हर्सिटीत गेला आणि १९०४ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्याच्या वर्गातली बरीच मुलं त्याच्याहून लहान असणार. मला स्वतःला हा भाग फार आवडतो. आपण शाळेत शास्त्रज्ञांची चरित्रं वाचतो त्यात सगळे दहाव्या वर्षीच हुशार निघतात! इथे मात्र एक मुलगा कॉलेज सोडून खांब रोवतोय.

(मराठीत आपण मोठ्या माणसांबद्दल आदराने 'ते' म्हणतो. केटरिंग आता इंजिनिअर झाले, तेव्हा इथून पुढे आपणही त्यांना 'ते' म्हणूया.)

केटरिंगना लगेच डेटन शहरात नोकरी मिळाली. कंपनीचं नाव होतं नॅशनल कॅश रजिस्टर. दुकानात पैसे घेताना जो गल्ला उघडतो, त्याचं यंत्र ही कंपनी बनवायची. तेव्हा ते यंत्र हाताने चालवावं लागायचं. केटरिंगनी १९०६ मध्ये विजेच्या मोटरवर चालणारं यंत्र तयार केलं. तिथेही अडचण तीच होती: मोटर छोटी हवी, पण जोर भरपूर हवा.

त्यांनी काय विचार केला, ते आता नीट समजून घ्या. पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

तुम्ही भारतात जाता तेव्हा विमानतळावर २३ किलोची बॅग उचलून काट्यावर ठेवता. येते ना उचलता? दात-ओठ खाऊन का होईना, पण येते. आता तीच बॅग हातात उचलून धरून एक मैल चाला बरं. जमणार नाही. म्हणजे थोड्या वेळासाठी आपण आपल्या रोजच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त जोर लावू शकतो. मोटरचंही तसंच आहे. छोट्या मोटरला तिच्या आकारापेक्षा जास्त काम दिलं, की ती जास्त वीज ओढते आणि तिच्या आतल्या तांब्याच्या तारा तापू लागतात. तासभर असंच चालवलं तर मोटर जळून जाईल. पण तारा तापायला वेळ लागतो. त्याआधीच मोटर बंद केली तर? तर काहीच बिघडत नाही. गल्ला उघडायला एक क्षण पुरतो. मग मोटर मस्त आराम करते.

बाकीचे इंजिनिअर अशी मोटर शोधत होते, जी दिवसभर तेवढा जोर लावू शकेल. म्हणून ती मोठी व्हायची. केटरिंगनी आधी हे विचारलं, की मोटरला काम किती वेळ करायचं आहे.

त्याच कंपनीत एडवर्ड डीड्स नावाचे त्यांचे सहकारी होते. डीड्स यांना गाड्यांचं वेड. त्यांच्या घरामागे एक मोठं कोठार होतं. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी हे दोघं आणि कंपनीतले आणखी काही मित्र तिथे जमायचे आणि गाडीच्या विजेवर प्रयोग करायचे. दिवसा नोकरी, रात्री कोठार. (आमच्या आयटीमधले बरेच लोक आजही हेच करतात, फक्त कोठाराच्या जागी गॅरेज आलं.) आधी त्यांनी इंजिनात ठिणगी पाडणारी नवी पद्धत तयार केली. ती कॅडिलॅकने विकत घेतली. मग १९०९ मध्ये केटरिंगनी नोकरी सोडली आणि मित्रांबरोबर स्वतःची कंपनी काढली. तिचं नाव 'डेल्को'.

आणि मग लीलँड त्यांच्याकडे हँडलचा प्रश्न घेऊन आले.

केटरिंगना गल्ल्याची मोटर आठवली. गाडीचं इंजिनही फक्त काही क्षण फिरवायचं असतं! मग मोटर मोठी कशाला हवी? त्यांनी छोटी मोटर घेतली आणि तिच्यापुढे दातांची चाकं लावली. सायकलला गिअर असतात ना, तसंच. मोटर खूप वेळा फिरते तेव्हा इंजिन थोडंसंच फिरतं, पण प्रचंड जोराने फिरतं. या मोटरला वीज द्यायला गाडीत बॅटरी ठेवली.

पण बॅटरी रिकामी झाली तर काय? इथे त्यांनी फार छान युक्ती केली. विजेची मोटर आणि वीज तयार करणारा जनरेटर ही आतून जवळजवळ सारखीच यंत्रं असतात. वीज दिली की मोटर फिरते. तीच मोटर दुसऱ्या कोणी फिरवली, की तिच्यातून वीज बाहेर येते. केटरिंगनी एकाच यंत्राकडून दोन्ही कामं करून घेतली. सुरुवातीला बॅटरी त्या यंत्राला वीज द्यायची आणि यंत्र इंजिनाला फिरवायचं. एकदा इंजिन चालू झालं, की ते उलट यंत्राला फिरवायचं आणि बॅटरी पुन्हा भरायची. शेजाऱ्यांकडून वाटीभर साखर उसनी आणावी आणि संध्याकाळी परत द्यावी, तसं! सुरू करताना जास्त जोर हवा म्हणून तेव्हा २४ व्होल्ट वापरायचे आणि बॅटरी भरताना ६ व्होल्ट. शिवाय त्याच विजेवर ठिणगी पडायची आणि गाडीचे दिवेही लागायचे. त्याआधी दिवे गॅसवर पेटवावे लागत.

डेल्कोच्या लोकांनी रात्रंदिवस काम केलं. फेब्रुवारी १९११ मध्ये कॅडिलॅकमध्ये स्टार्टर बसवून तपासला गेला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या स्टार्टर घेऊनच बाजारात आल्या. लंडनच्या रॉयल ऑटोमोबाईल क्लबने यासाठी कॅडिलॅकला ड्यूअर ट्रॉफी दिली.

आजच्या गाडीत हे आकडे कसे असतात ते सांगतो. बॅटरी १२ व्होल्टची. फोनचा साधा चार्जर दोन-तीन अँपिअर वीज देतो. स्टार्टर एका वेळी साधारण १५० ते २०० अँपिअर ओढतो! म्हणून त्याची तार तुमच्या बोटाएवढी जाड असते. आणि म्हणूनच गाडी सुरू होत नसेल तर चावी सलग धरून ठेवायची नाही. काही सेकंद फिरवायची, सोडायची, मोटरला थंड होऊ द्यायचं, मग पुन्हा. नाहीतर मोटर तापते आणि बॅटरी काही मिनिटांत झोपते. एक सूचना: गाडीच्या बॅटरीला घरी खेळण्यातली मोटर किंवा नुसती तार जोडून बघू नका. एवढी वीज एकदम आली तर तार लाल होऊन हात भाजतो. प्रयोग करायचाच असेल तर मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि मध्ये फ्यूज लावा.

अमेरिकेतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मला हे सगळं एका सकाळी शिकायला मिळालं. बाहेर सगळा बर्फ. चावी फिरवली तर नुसतं 'कट-कट-कट'. कडाक्याच्या थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि नेमकं तेव्हाच तेल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. मला वाटलं, इंजिनच गेलं! शेजारचे आजोबा शांतपणे दोन जाड वायरी घेऊन आले, त्यांच्या बॅटरीची वीज माझ्या गाडीला दिली आणि गाडी लगेच सुरू झाली. ते सहज म्हणून हात हलवत निघून गेले. मी मात्र दिवसभर घाबरून ऑफिसच्या पार्किंगमध्ये तीन वेळा जाऊन गाडी सुरू करून बघत होतो.

असो. पुन्हा १९१२ कडे वळू.

तुम्हाला वाटत असेल की विजेची गाडी आत्ता-आत्ता आली. तसं नाही. त्या काळी अमेरिकेच्या शहरांत विजेच्या गाड्या बऱ्याच होत्या. त्यांना हँडल नव्हतं, धूर नव्हता, आवाज नव्हता. म्हणून अनेक स्त्रिया त्या पसंत करायच्या. पेट्रोलच्या गाड्या विकणाऱ्या हेन्री फोर्ड यांची पत्नी क्लारा स्वतः विजेची गाडी चालवायची! पेट्रोलच्या गाडीत सगळ्यात मोठी भीती हँडलचीच होती. स्टार्टर आला आणि ती भीती गेली. आता अंगात फारशी ताकद नसलेला कोणीही पेट्रोलची गाडी सुरू करू शकत होता. १९१९ मध्ये फोर्डच्या स्वस्त 'मॉडेल टी' गाडीतही स्टार्टर मिळू लागला. पेट्रोलही स्वस्त होतं. काही वर्षांतच विजेच्या गाड्या रस्त्यावरून जवळजवळ नाहीशा झाल्या. म्हणजे गंमत बघा, विजेच्या गाडीला रस्त्यावरून हटवायला मदत केली ती एका विजेच्या मोटरने आणि एका बॅटरीने.

पुढे डेल्को कंपनी 'जनरल मोटर्स'मध्ये गेली आणि १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग तिथले संशोधन प्रमुख होते. सगळंच जमलं असं नाही. त्यांनी पाण्याऐवजी हवेने थंड होणारं तांब्याच्या पात्यांचं इंजिन बनवलं. १९२३ मध्ये ते गाड्यांमध्ये आलं आणि इतकं बिघडू लागलं की कंपनीला त्या गाड्या परत मागवाव्या लागल्या. केटरिंग इतके नाराज झाले की नोकरी सोडायला निघाले होते.

पण त्यांच्या आयुष्यातली खरी मोठी चूक ही नव्हती. ती सांगितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होणार नाही.

तेव्हा इंजिनांमध्ये 'ठक-ठक' असा आवाज यायचा, त्याने इंजिन खराब व्हायचं. लोक केटरिंगच्या ठिणगीला दोष द्यायचे. त्यांच्या हाताखाली थॉमस मिजली नावाचे संशोधक होते. १९२१ मध्ये मिजली यांना सापडलं, की पेट्रोलमध्ये शिशाचं एक द्रव्य अगदी थोडं मिसळलं तर ठक-ठक थांबते. शिसं म्हणजे एक जड, मऊ धातू. तो विषारी आहे, हे तेव्हाही माहीत होतं. अल्कोहोल मिसळूनही ठक-ठक कमी होते, हेही त्यांना माहीत होतं. पण अल्कोहोलचं पेटंट घेता येत नव्हतं; शिशाच्या या वापराचं येत होतं. शिसं विकण्यासाठी वेगळी कंपनी निघाली आणि केटरिंग तिचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी, म्हणजे १९२४ मध्ये, न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात हे द्रव्य बनवताना पाच कामगार वेड लागल्यासारखे होऊन मेले. थोडा काळ विक्री थांबली, मग पुन्हा सुरू झाली. पुढची कित्येक वर्षं जगभरच्या गाड्यांच्या धुरातून शिसं बाहेर पडत राहिलं. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. भारतात असं पेट्रोल २००० साली बंद झालं. म्हणजे मी मराठी शाळेत पायी जायचो, तेव्हा रस्त्यावर तोच धूर असायचा. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, ते थांबायला २०२१ साल उजाडलं.

जो माणूस मनगटं मोडू नयेत म्हणून एवढा विचार करतो, त्याने पाच माणसं मेल्यावरही थांबायचं का नाही ठरवलं? मला याचं उत्तर सापडत नाही. शनिवारच्या वर्गात यावर बोलूया. तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं, ते मराठीत सांगायची तयारी करून या.

तुमच्यापैकी कोणी न्यूयॉर्कमध्ये राहत असेल तर केटरिंग हे नाव तुम्ही आधीच ऐकलं असेल. कॅन्सरसाठी प्रसिद्ध असलेल्या तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या नावात ते आहे. १९४५ मध्ये केटरिंग आणि जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी मिळून तिथे कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था सुरू केली. पुढच्याच वर्षी ऑलिव्ह कॅन्सरने गेल्या. केटरिंग त्यानंतर बारा वर्षं जगले. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनमध्ये त्यांचं निधन झालं. डेटनच्या शेजारच्या एका गावाला आज त्यांचं नाव आहे.

आता पुन्हा तुमच्या गाडीकडे या. ती हायब्रिड असेल, तर सिग्नलला इंजिन बंद पडतं आणि हिरवा दिवा लागल्यावर आपोआप सुरू होतं. त्यातल्या पुष्कळ गाड्यांमध्ये इंजिन सुरू करायला आणि बॅटरी भरायला वेगवेगळी यंत्रं नसतात. एकच यंत्र दोन्ही करतं, १९१२ च्या कॅडिलॅकसारखं. आणि पूर्ण विजेच्या गाडीत हँडल नाही, स्टार्टर नाही, खर्र-खर्रही नाही. तरी तिचं बॉनेट उघडून बघा. मोठी बॅटरी खाली सीटच्या तळाशी लपलेली असते, पण दिवे आणि कुलपं चालवायला बहुतेक गाड्यांत एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी अजूनही असते. आणि ती झोपली, तर एवढी मोठी गाडीसुद्धा जागची हलत नाही.